सावली पायाखाली न येणाऱ्या गावात

पहिल्याच ड्रॉइंगमध्ये मी दक्षिणेच्या खिडक्यांवर अडीच फुटांचा छज्जा काढला होता. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप गेला. हेलसिंकीतल्या आमच्या ऑफिसात ज्या ज्येष्ठ आर्किटेक्ट बाईंच्या हाताखाली मी काम करत होते, त्यांनी सेक्शनचा, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाचा, कागद बराच वेळ न्याहाळला, छज्जावर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "हा कुणाला अडवायला?"

"उन्हाला," मी म्हटलं.

"इनारीत?" त्या म्हणाल्या. "तिथे ऊन येईल तेव्हा आपण त्याला आत घ्यायला दारात उभं राहायचं."

मी छज्जा खोडला. पण तो डोक्यातून जायला वर्ष गेलं.

मी मूळची राजापूरजवळची. आमचं घर चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं. ओटीवर ऊन, पडवीत सावली आणि माजघरात अंधार. त्या अंधारात छपराला दोन काचेची कौलं होती. त्यांतून उन्हाचे दोन कवडसे खाली पडायचे आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राहायचे. कवडसा जात्यापाशी आला की आजी चहाचं आधण ठेवायची. पुढे पुण्याला आर्किटेक्चर शिकताना जे शिकवलं गेलं ते या घराशी जुळणारंच होतं: सूर्य अडवा, वारा आत घ्या. पश्चिमेची भिंत बंद ठेवा, जाळी लावा, छज्जा काढा. आमच्या सगळ्या विद्येचा पाया हा की ऊन भरपूर आहे आणि ते डोक्यावरून येतं.

फिनलंडमध्ये मी २०१६ साली पदव्युत्तर शिक्षणासाठी आले आणि तिथेच नोकरीला लागले. २०१८च्या शरद ऋतूत इनारीचं काम आलं. इनारी सरोवर फिनलंडच्या उत्तर टोकाला, लाप्लांडमध्ये आहे. हेलसिंकीहून रस्त्याने हजार किलोमीटरच्या वर. सरोवरात तीन हजारांहून जास्त बेटं आहेत. या सरोवराकाठच्या एका वस्तीला छोटं ग्रंथालय आणि त्याला लागून बैठकीची एक खोली हवी होती, मिळून २१० चौरस मीटर. तोवर त्यांच्याकडे ठरलेल्या दिवशी पुस्तकांची बस यायची. इनारी हा सामी या उत्तर युरोपातल्या मूळनिवासी लोकांचा मुलूख. इथे उत्तर सामी, इनारी सामी आणि स्कोल्ट सामी अशा तीन सामी भाषा बोलल्या जातात आणि चौथी फिनिश. ग्रंथालयात चारही भाषांची कपाटं हवी होती.

छज्जा खोडल्यावर मी बसून साधं गणित केलं. पुण्यात डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशी भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या वर ४८ अंशांवर असतो. इनारीत जूनच्या सर्वांत मोठ्या दिवशी, भर दुपारी, साडेचव्वेचाळीस अंशांवर. म्हणजे तिथला ऐन उन्हाळ्यातला सूर्य आपल्या ऐन हिवाळ्यातल्या सूर्याइतकाही वर चढत नाही. पुण्यात मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो. मुलं अंगणात बाटल्या, पेले उभे करून सावली नाहीशी होताना बघतात. इनारीत वर्षातल्या सर्वांत आखूड सावलीची लांबीही माणसाच्या उंचीपेक्षा किंचित जास्तच भरते. सावली पायाखाली कधी येतच नाही. आणि डिसेंबरात सूर्य दुपारीही क्षितिजाच्या दोन-सव्वादोन अंश खालीच असतो. तो उगवतच नाही. डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत हे असंच चालतं. फिनिशमध्ये या काळाला कामोस म्हणतात.

बाईंनी मला साइट बघायला मुद्दाम कामोसमध्ये पाठवलं. मी आईला फोनवर सांगितलं की सूर्य नसलेल्या गावी चालले आहे. ती म्हणाली, "बॅटरी घेऊन जा."

बॅटरी लागली नाही. ही माझी पहिली चूक होती: सूर्य नाही म्हणजे अंधार, असं मी धरून चालले होते. सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमाराला दक्षिणेकडे तांबूस पट्टा दिसायला लागला. अकरापर्यंत तो गुलाबी झाला. उत्तरेला आकाश जांभळ्याकडे झुकलेलं निळं, त्याखाली त्याहून गडद निळी पट्टी. ती पट्टी म्हणजे पृथ्वीचीच सावली, हवेवर पडलेली. दुपारी बाराला मी बाहेर उभी राहून वही वाचू शकत होते. हळूहळू गुलाबी ओसरलं आणि सगळं निळं झालं. बर्फ निळा, झाडं निळी, माझे हातमोजे निळे. संधिप्रकाश हवेतल्या ओझोनमधून तिरपा, लांबचा प्रवास करून येतो आणि ओझोन त्यातला पिवळा-नारिंगी भाग शोषून घेतो, म्हणून ही निळाई. फिनिश लोक त्याला 'निळा क्षण' म्हणतात, पण तो क्षण तासभर टिकतो.

आपल्याकडे कातरवेळ वीस-पंचवीस मिनिटांत संपते. आजी दिवा लावून तुळशीकडे जाऊन येईपर्यंत अंधार पडलेला असायचा. इथे कातरवेळच साडेचार-पाच तासांची, आणि तोच दिवस. त्या दिवशी मला मराठीतला एक भेद नव्याने कळला. आपण ऊन वेगळं म्हणतो आणि उजेड वेगळा. कोकणात ऊन टाळायचं आणि उजेड मिळवायचा. दोन्ही एकत्रच येतात, म्हणून सगळी कसरत. इथे पाच-सहा आठवडे ऊन अजिबात नाही, नुसता उजेड. त्याला दिशा जवळजवळ नाही, सावली नाही, कवडसा तर नाहीच. मग अशा उजेडासाठी खिडकी काढायची म्हणजे नेमकं काय काढायचं?

मी परत आले आणि बरोबर उलटं काम केलं. या अनुभवाने भारावून मी छपराला लाट दिली. उत्तरेचे दिवे, ऑरोरा, आकाशात जसे पडद्यासारखे हलतात तसं वळणदार छप्पर, खालून हिरवट दिवे. बैठकीच्या खोलीला सामी तंबूसारखा शंकूचा आकार. रेखाटनं सुंदर दिसत होती, हे मी आजही म्हणेन. जानेवारीत गावच्या बैठकीत ती भिंतीवर लावली. बाई मुद्दाम गप्प राहिल्या.

रेनडिअर पाळणारे एक आजोबा उठून जवळ आले, चष्मा वर करून बघून म्हणाले, "हे दिवे बाहेर आहेत. छपराचे कशाला करता? आत बसून आम्हाला ते दिसतील असं काहीतरी करा." एका तरुण सामी शिक्षिकेने तंबूच्या आकाराबद्दल शांतपणे सांगितलं, "आमचा तंबू पर्यटकांच्या दुकानांवर बसवून झाला आहे. ग्रंथालयावर नको." बाकी कुणी काही बोललं नाही. तिथे लोक गप्प बसतात ते सहमती म्हणून नाही, विचार करायला म्हणून. एका बाईंनी शेवटी विचारलं की मुलांना बूट काढायला बाक कुठे आहे. माझ्या ड्रॉइंगमध्ये बाक नव्हता.

परतीच्या प्रवासात बाई म्हणाल्या, "तू आकाशाचं चित्र काढलंस. आपलं काम आकाशासाठी भिंत बांधायचं आहे." त्यांना काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा अर्धंच कळलं. उरलेलं अर्धं समजावं म्हणून त्यांनी मला इमारती बघायला धाडलं.

हेलसिंकीला लागून असलेल्या वांता शहरात म्यूरमाकीचं चर्च आहे, फिनिश आर्किटेक्ट युहा लेइव्हिस्का यांचं, १९८४ सालचं. रेल्वेमार्गाच्या कडेला अरुंद लांबट जागेत बांधलेलं. आत गेल्यावर आधी खिडक्या दिसतच नाहीत. पांढऱ्या भिंतींचे उभे पडदे एकामागे एक उभे आहेत आणि उजेड त्यांच्या मागून, फटींतून, कडेवरून येऊन पुढच्या भिंतीवर बसतो. ढग सरकला की पूर्ण सभागृह मंद होतं आणि परत फुलतं. मी एका बाकावर तीन तास बसले. लेइव्हिस्का स्वतः पियानो उत्तम वाजवत. त्या भिंतींच्या अंतरांकडे बघताना ते पटतं. त्यांच्याच कुओपिओतल्या चर्चमध्ये आणखी एक युक्ती आहे: रंग दिलेले भाग आपल्याला दिसत नाहीत, त्यांच्यावरून उसळून आलेली छटाच तेवढी पांढऱ्या भिंतीवर दिसते. खिडकीपेक्षा खिडकीसमोरची भिंत महत्त्वाची, हे मी तिथे शिकले. उजेड डोळ्यांना दिसतो तो कशावर तरी पडल्यावरच. आमच्या माजघरातही कवडसा दिसायचा तो शेणाने सारवलेल्या जमिनीवर.

मग व्हीपुरी. हे शहर आता रशियात आहे. तिथलं, फिनिश आर्किटेक्ट आल्व्हार आल्टोचं ग्रंथालय १९३५ साली पूर्ण झालं. २०१३ साली त्याचा जीर्णोद्धारही पुरा झाला. वाचनकक्षाच्या छताला १.८ मीटर व्यासाचे ५७ गोल झरोके आहेत, खोल नरसाळ्यांसारखे. आल्टोने हिशेब धरला होता तो ५२ अंशांचा: तिथला सूर्य याहून वर जात नाही, म्हणून नरसाळं इतकं खोल की सूर्याचा किरण थेट पुस्तकावर पडूच नये, आतल्या बाजूंवर आपटून पसरूनच खाली यावा. पानावर हाताची सावली पडत नाही. मला आमची काचेची कौलं आठवली आणि वाटलं, सापडलं, हेच इनारीला न्यायचं. पण इनारीत आडव्या काचेवर बर्फ बसतो आणि महिनोन्‌महिने बसून राहतो. उजेडाची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच झरोका आंधळा. आल्टोनेच पुढे रोवानिएमीत, उत्तर ध्रुववृत्ताजवळ, १९६५ साली जे ग्रंथालय बांधलं, त्यात वाचायची जागा जमिनीत खोलगट केली आणि उजेड वरच्या उभ्या काचांमधून आणला. ते शहर १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जाळलं होतं. नव्या रोवानिएमीचा आराखडाही आल्टोचाच. असो, ती वेगळी गोष्ट आहे.

आता आमच्या कामातली खरी घडामोड सांगते.

दिवसाउजेडाचा हिशेब आम्ही संगणकावर करतो. जमीन किती उजेड परतवते याचा एक आकडा त्यात भरावा लागतो. प्रोग्राममध्ये तो आधीपासूनच ०.२ असतो: माती, गवत, डांबरी रस्ता मिळून साधारण पाचवा हिस्सा परत येतो असं धरलेलं. मी त्या आकड्याकडे कधी बघितलंच नव्हतं. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांहून जास्त उजेड परतवतो, आणि इनारीत वर्षातले सातेक महिने जमिनीवर बर्फ असतो. म्हणजे माझे सगळे हिशेब वर्षाच्या निम्म्याहून जास्त काळासाठी चुकीचे होते. मी ०.२ खोडून ०.८ घातलं. पडद्यावरच्या छताचा रंग बदलला. बाई म्हणाल्या, "पडद्यावर विश्वास ठेवू नकोस. मॉडेल कर, आणि बर्फावर ठेव."

एकास वीस मापाचं मॉडेल केलं, जाड पुठ्ठा आणि पातळ प्लायचं, मोठ्या सुटकेसएवढं. फेब्रुवारीच्या शेवटी हेलसिंकीहून रात्रीच्या रेल्वेवर गाडी चढवली, सकाळी रोवानिएमीला उतरवली आणि तिथून सव्वातीनशे किलोमीटर उत्तरेला गेलो. सरोवर गोठलेलं, वर बर्फाची पांढरी चादर. थंडी शून्याखाली अठरा. दुपारी सूर्य बारा अंशांवर. आम्ही सरोवरावर मॉडेल मांडलं आणि आधी त्याच्याभोवती मोठी तपकिरी ताडपत्री अंथरली, उन्हाळ्यातली जमीन समजून. मॉडेलला ठेवलेल्या भोकातून फोन आत सरकवला. चित्र अपेक्षेप्रमाणे आलं: खिडकीजवळ उन्हाचा लखलखीत तुकडा, मागे झपकन पडणारा काळोख, छत राखाडी.

मग दोन्ही टोकं धरून आम्ही ताडपत्री ओढून काढली.

छत उजळलं. हळूहळू नाही, झाकण काढावं तसं. खोलीच्या अगदी मागच्या कोपऱ्यापर्यंत, जिथे मी विजेचे दिवे दाखवले होते तिथपर्यंत, छत दुधासारखं झालं, आणि त्या छतावरून उतरलेला मऊ उजेड मागच्या कपाटांवर पडला. उजेड जमिनीतून वर येत होता. आयुष्यभर मी उजेड वरून खाली येतो असं धरून रेषा ओढल्या होत्या. थंडीने फोन पाच मिनिटांत बंद पडला. तो काखेत धरून गरम करायचा, तीन-चार फोटो काढायचे, परत काखेत. असं दिवसभर चाललं. ऊन संपल्यावर, निळा उजेड असतानाही आम्ही फोटो काढत राहिलो. तेव्हाही छतच सर्वांत उजळ होतं.

त्या रात्री मुक्कामाच्या खोलीत मी सेक्शन पहिल्यापासून काढला. खिडक्या खाली आल्या: काठ जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर, रुंद आणि बसक्या, म्हणजे समोरचा बर्फ जास्तीत जास्त 'दिसेल'. छत खिडकीपाशी खाली आणि मागे चढत जाणारं, खालून येणाऱ्या उजेडाकडे तोंड करून. मागची भिंत सगळ्यात उंच. तिच्या माथ्यावर उभ्या काचांची एक पट्टी, जिच्यावर बर्फ ठरत नाही.

लगेच अडचण उभी राहिली. मार्चमध्ये तिथे जमिनीवर पाऊण मीटर बर्फ असतो. दीड फुटावरची खिडकी गाडली जाणार. शिवाय छपरावरून घसरणारा बर्फ खिडकीसमोरच ढीग करणार. त्यावर दोन महिने डोकं घातलं. शेवटी इमारतीची जमीनच नव्वद सेंटीमीटर वर उचलली आणि छपरावरचा बर्फ खिडक्यांसमोर पडणार नाही असा उतार दिला. वर उचलल्यामुळे व्हीलचेअरसाठी लांब उतरण आली. ती उघडी ठेवली तर बर्फाने भरणार, म्हणून तिच्यावर छप्पर आलं. त्या छपराखाली बाक आला, बूट काढायचा. गावच्या बैठकीतल्या त्या बाईंचा बाक अशा वळणाने आला. आज ती उतरण म्हणजे आमची पडवीच वाटते मला. ओलं सामान, स्लेज, कुत्रे, गप्पा, सगळं तिथेच.

भिंतीच्या जाडीने मला सुख दिलं. फिनलंडच्या नियमांप्रमाणे उष्णता धरून ठेवायची तर लाकडी भिंत, आतलं आवरण, बाहेरच्या फळ्या मिळून चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर होते. पुण्याच्या वाड्यांच्या भिंती आठवतात. इतक्या जाड भिंतीत सरळ कापलेली खिडकी बोगद्यासारखी दिसते आणि काच व भिंत यांच्यातला फरक डोळ्यांना टोचतो. म्हणून बाजू तिरप्या कापल्या, आत येताना पसरत जाणाऱ्या. काचेतला झगझगीतपणा त्या तिरप्या बाजूवर उतरतो, मग भिंतीवर, मग खोलीत. एका बाजूचा उतार इतका रुंद ठेवला की त्यात एक मूल मांडी घालून बसू शकेल. तीन काचांची तावदानं साधारण चौथा हिस्सा उजेड गिळतात आणि किंचित हिरवट छटा देतात. जास्त स्वच्छ काच मागितली तेव्हा खर्चावरून बरीच ओढाताण झाली. पाच खिडक्यांना मिळाली, बाकीच्यांना नाही.

उन्हाळ्याने माझी आणखी एक समजूत मोडली. गिरणगावातल्या कापड गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरं मुंबईकरांनी पाहिली आहेत. त्याला 'नॉर्थ लाइट ट्रस' म्हणतात. काचा उत्तरेला, म्हणजे थेट ऊन आत येत नाही आणि मागांवर सारखा उजेड पडतो. उत्तरेचा उजेड म्हणजे शांत उजेड, हे मी पाठच केलं होतं. माथ्यावरची काचांची पट्टी त्याच विश्वासावर उत्तरेला ठेवलेली. जूनमध्ये तिथे गेले आणि रात्री एकच्या सुमाराला उत्तरेला सूर्य क्षितिजाच्या दोन अंश वर समोरासमोर उभा होता. मे महिन्याच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो मावळतच नाही. दिवसभर चारही बाजूंनी फिरतो आणि मध्यरात्री थेट उत्तरेकडून आडवा आत घुसतो. पुण्यात कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. ग्रंथालय रात्री बंद असतं, पण बैठकीच्या खोलीत उन्हाळ्यात लोक उशिरापर्यंत जमतात. त्यामुळे वरच्या पट्टीच्या आत लाकडाच्या उभ्या पात्या बसवल्या. मध्यरात्रीचं ऊन त्यांच्यावरून घसरून सोनेरी होतं आणि भिंतीवर रेघा पडतात. त्या रेघा वर-खाली होत नाहीत, भिंतीवरून आडव्या सरकत राहतात. आमच्या माजघरातल्या कवडशासारख्या.

अंधाराचं कामही तेवढंच अवघड. कामोसमध्ये दुपारी तीनला बाहेर काळोख झाला की प्रत्येक खिडकी काळा आरसा होते. आतले दिवे, आतली माणसं, तीनही काचांवर तिहेरी दिसतात. बाहेरचं काही नाही. तिथे राहणाऱ्यांना हे इतकं सवयीचं की ते बोलतही नाहीत, पण मला त्या आरशांनी कोंडल्यासारखं व्हायचं. उपाय तिथल्या घरांतच होता. लोक अंगणातल्या एखाद्या बर्चखाली लहानसा दिवा लावून ठेवतात. बर्फ उजळतो, नजर काचेवर न अडखळता तिथवर जाते. आम्ही तीन झाडांखाली असे दिवे दिले. आतले दिवे टेबलांपर्यंत खाली आणले आणि अशी शेड निवडली की बल्ब कुठूनही डोळ्यांना दिसू नये. डॅनिश डिझायनर पोल हेनिंगसेन यांनी १९२०च्या दशकात एकात एक पाकळ्या बसवून दिवे केले ते याच कारणासाठी. उत्तरेकडचे लोक दिव्याबद्दल इतके हळवे का, ते एका हिवाळ्यात कळतं.

आणि आजोबांची मागणी. उत्तरेच्या भिंतीत एक रुंद खिडकी, तिच्यापुढे लांब बाक. त्या कोपऱ्याचे दिवे वेगळ्या बटणावर, जेणेकरून बाकीचं ग्रंथालय चालू असतानाही तो कोपरा पूर्ण काळोखात ठेवता येईल. मधे एक आडभिंत, म्हणजे बाकीचा उजेड काचेवर पडणार नाही. खर्च कमी करायच्या प्रत्येक यादीत ती आडभिंत आणि ते बटण वर असायचं. मी दर वेळी भांडले. मोठ्याने नाही. तिथे मोठ्याने भांडून उपयोग नसतो. मॉडेलचे दोन फोटो समोर ठेवायचे, आडभिंतीसह आणि आडभिंतीशिवाय, आणि गप्प बसायचं. हे मी त्या लोकांकडूनच शिकले होते.

बांधकाम दीड वर्ष चाललं, बरंचसं सरकत्या तंबूखाली. रंगाबद्दल एवढं सांगते: भिंती आधी पांढऱ्या ठरवल्या होत्या. पण निळ्या उजेडात पांढरा रंग पूर्ण निळा होतो. डिसेंबरात ते सुंदर आणि असह्य, दोन्ही आहे. म्हणून छत पांढरं, तिथे बर्फाचा उजेड जसाच्या तसा बसू दे, आणि माणसाच्या उंचीपर्यंत पाइनच्या फळ्या. पाइन वर्षागणिक पिवळं-नारिंगी होत जातं, त्याला अल्कलीचं पाणी आणि पांढरं तेल लावून ते थोपवलं. बाहेरून पाइनचंच डांबर. उन्हाळ्यात दुपारी त्याचा वास येतो, होडीसारखा.

ग्रंथालय २०२१च्या शरद ऋतूत उघडलं. मी मार्चमध्ये पुन्हा गेले आणि दारातच थबकले. दक्षिणेच्या खिडक्यांसमोर, सरोवराकडे तोंड करून मी मांडलेल्या सगळ्या खुर्च्या कुणीतरी उलट्या फिरवल्या होत्या. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "मार्चमध्ये सरोवराकडे बघून वाचता येत नाही. डोळे दुखतात." वीस अंशांवरचा सूर्य आणि खाली मैलभर चकाकता बर्फ. ०.८ हा आकडा मी छतासाठी वापरला, माणसाच्या डोळ्यांसाठी वापरायला विसरले. लोकांनी तक्रार केली नाही, पडदे मागितले नाहीत. पाठ सरोवराकडे केली, पुस्तक उजेडाकडे केलं. खांद्यावरून येणारा उजेड पानावर पडत होता आणि कुणाच्याच पानावर सावली नव्हती. मी खुर्च्यांची ती मांडणी वहीत उतरवून घेतली आणि त्यानंतरच्या प्रत्येक प्लॅनमध्ये तशीच काढली आहे.

पुढच्या डिसेंबरात गेले तेव्हा शाळा सुटून मुलं आली होती. उत्तरेच्या बाकावर सात-आठ जणं कोंबून बसलेली, जाड मोजे घातलेले पाय लोंबकळत. बटणाभोवती कुणीतरी रेनडिअरचं स्टिकर चिकटवलं होतं. एका मुलीने बाकावर उभं राहून हात लांब केला, पण तो पोचेना. तिने ग्रंथपालबाईंकडे बघितलं. बाई आल्या आणि त्यांनी दिवा मालवला.